सामना का फिरला

नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला की मस्तगडच्या आमच्या क्लबातली उन्हाळ्यातली ती सकाळ आठवते. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची अंतिम मालिका बरोबरीत होती आणि निर्णायक सामना आम्ही कूलरच्या ओलसर वाऱ्यात बसून टीव्हीवर बघत होतो. जिंकत आलेला संघ शेवटी हरला, तेव्हा सगळे नशिबाला बोल लावू लागले. मी आमच्या प्रशिक्षक सरांना म्हणाले, "नशीब न्हाई सर. त्यांचा उंच खेळाडू बास्केट सोडून बाहेर येतच नव्हता, म्हणून समोरच्यांना लांबून मोकळे शॉट मिळत गेले." सरांनी ते पुन्हा विचारून घेतलं. त्याच दुपारी मुलींच्या संघासाठी प्रशिक्षक निवडायचा होता. उमेदवार मी आणि सकाळी क्लबात न आलेला सरांचा पुतण्या. सकाळचा सामना का फिरला, असं क्लबच्या अध्यक्षांनी एकेकाला आत बोलावून विचारलं आणि आधी गेलेल्या पुतण्यानं माझंच उत्तर शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, हे मला नंतर कळलं. माझ्या पाळीला मीही तेच सांगितलं. "हे तर आत्ताच ऐकलं," अध्यक्ष हसले. त्यांच्या शेजारी बसलेले सर खाली बघत राहिले. पुतण्याची निवड झाल्यावर सर बाहेर येऊन मला म्हणाले, "तुझं तर लग्न ठरून राह्यलंय पोरी. मंग तुला कायला पाहिजे हे?" आता माझ्या सासरी, घनसावंगीच्या स्टँडवर कधी भेटले, की "खेळ कायला सोडला गं?" असं आपुलकीनं विचारतात, आणि मी बस आली का ते बघते.