एका बाराची बंदूक

तेव्हा परदेशातल्या आमच्या गॅरेजमध्ये मी, माझा दिलीप, सून नंदा आणि शेजारचा गोरा म्हातारा, एवढेच होतो. दिलीपची नोकरी गेलेली, थंडी हरणाच्या मटणावर काढायची, आणि आमच्या एका बाराच्या स्वस्त बंदुकीची काडतुसावर आपटणारी पिनच तुटली. बंदुकांचा दुकानदार म्हणाला, "असल्या पिना आता बनत नाहीत. महागातली बंदूक घ्या."

म्हातारा माझ्याहून थोरला, पण दिलीपच्या मित्रांचं ऐकून मला मावशी म्हणायचा. बोलायचा कमी. दोन दिवस त्यानं पोलादाचा तुकडा घासला. घासायचा, फुंकायचा, गालाला लावून बघायचा. पिन बसल्यावर दिलीपच्या हातात एकच काडतूस ठेवलं. मला म्हणाला, "वन इज इनफ, मावशी."

एका बारात हरीण पडलं. ते गाडीवर बांधून आणताना त्या अबोल माणसानं त्याच बंदुकांच्या दुकानासमोर तीनदा हॉर्न वाजवला.

तुमच्याकडे अशी बंदूक असेल तर भंगारात देऊ नका.