आरपारची माळ

त्रिलोचन घाटावर खेलावन साहनीची नाव लागली आहे की नाही, हे बघायला पायऱ्या उतराव्या लागत नाहीत. वर गल्लीतच त्याचा आवाज ऐकू येतो. "अहो साहेब, ते बूट वरच्या पायरीवर! सासुरवाडीच्या देवघरात असेच शिरता काय?" साहेब ओशाळतो, बूट काढतो. मग खेलावनच त्याला हात धरून नावेत घेतो, आणि इतक्या मायेनं बसवतो की बोलणी खाल्ल्याचं त्या बिचाऱ्याला आठवतही नाही.

त्याचे नियम ठरलेले. गंगेत पाय घालायच्या आधी बोटं बुडवून कपाळाला लावायची. पाय लावणार त्याची माफी आधी मागायची. नावेतून थुंकायचं नाही. चिता दिसली की फोन खिशात. "तुमच्या घरचं कुणी गेलं तेव्हा परक्यांनी फोटो काढले होते का?" एवढंच तो विचारतो. बासष्टीचा गडी, अंगानं काटक, चाळीस वर्षं वल्हं मारून खांदे दगडासारखे झालेले. राग कायम नाकावर, पण तिथून आत काही उतरत नाही.

तर या माणसानं नवस केला. त्याच्या लेकीची लेक फुलवा तीन वर्षांची झाली तरी उभी राहीना. डॉक्टर झाले, तेलमालिश झाली, पायांत जोर म्हणून येईना. एका सकाळी भर प्रवाहात, आठ उतारू बसलेले असताना, खेलावननं वल्हं सोडलं आणि हात जोडले. "माई, पोर स्वतःच्या पायांनी तुझ्यापर्यंत उतरू दे, तुला आरपारची माळ घालीन." म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत एकच अखंड माळ. नवस मनात बोलायचा असतो. पण खेलावनला हळू बोलणं कधी जमलंय? दुपारपर्यंत सगळ्या घाटाला खबर लागली.

फुलवा साडेचार वर्षांची झाली आणि चालली. आधी भिंत धरून, मग आजीचा पदर धरून, आणि एक दिवस काहीच न धरता, बदकासारखी डुलत. फाल्गुनात माळ घालायचं ठरलं.

अशा शंभरेक माळा खेलावननं दुसऱ्यांसाठी पलीकडे नेल्या होत्या. एकही तुटली नव्हती. पण ज्याचा नवस, त्यानं वल्ह्याला हात लावायचा नाही, अशी इथली रीत. त्यानं घाटावर उभं राहून माळेचं टोक धरायचं आणि दुसरं टोक पलीकडच्या रेतीला टेकेपर्यंत पायरी सोडायची नाही. माळ मध्येच तुटली, तर माईनं ती घेतली नाही असं समजायचं. म्हणून नाव बसंतूकडे द्यावी लागली. बसंतू वीस वर्षं नाव चालवतो, पण खेलावनच्या लेखी तो अजून कच्चाच.

माळेचं माप मात्र त्यानं स्वतः घेतलं. वल्ह्याचे फटके मोजत तो पलीकडे गेला, मोजतच परत आला, आणि आकडा माळिणीला सांगितला. वल्ह्याच्या एका फटक्याला किती हात माळ, हे घाटावरच्या माळिणींना तोंडपाठ असतं. "बोटभर इकडचं तिकडं व्हायचं नाही," असं वर तिलाच ऐकवलं.

त्या सकाळी फुलवा पूजेच्या चौथऱ्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या उतरली. दोनदा टेकली, पण कुणाला उचलू दिलं नाही. खेलावनची बायको दुलारी एकेक पायरी मागे, तोंडात पदराचा बोळा धरून. म्हैसूरहून आलेलं एक जोडपं नावेची चौकशी करत होतं. "आज नाव नाही, आज घरचं कार्य आहे," खेलावन म्हणाला. त्या दोघांनी न सांगता चपला वर ठेवल्या, हात धुतले आणि माळ झेलणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली, कारण झेंडूची ती माळ पायदळीच्या दगडाला लागू द्यायची नव्हती. खेलावननं त्यांच्या अनवाणी पायांकडं दोनदा पाहिलं. खोड काढायला काहीच सापडेना, म्हणून तो बसंतूवर ओरडला.

"अरे, ढील दे! नाकाड वर ठेव नावेचं, धारेच्या वर!"

"काका, तुम्ही माळ धरा. नाव माझ्याकडे आहे!"

"म्हणून तर घोर लागलाय!"

घाट हसला. माळ टोपल्यांतून सुटत गेली, पिवळी रेघ पाण्यावर लांबत गेली. वाऱ्यानं ती मध्यावर फुगली, पण बसंतूनं नाव अलगद वर घेतली आणि फुगारा बसला. खेलावन मनातल्या मनात "शाबास" म्हणाला. आणि मग पलीकडून आवाज आला.

"काका, सरली!"

"काय सरली?"

"माळ! रेती अजून दहा हात लांब आहे!"

खेलावनच्या हातातलं टोक ताठ झालं होतं. चार पाकळ्या तुटून पडल्या. "दोनदा मोजलंय मी!"

"कुठून मोजलंत?" दुलारीनं विचारलं.

"कुठून म्हणजे? नावेतून!"

"आणि नाव कुठे होती?"

"पाण्यात. दुसरी कुठे असणार?"

"आणि आत्ता तुम्ही कुठे उभे आहात?"

खेलावननं खाली पाहिलं. तो पूजेच्या कोरड्या चौथऱ्यावर उभा होता. चाळीस वर्षं त्याची नदी नाव तरंगते तिथून सुरू होत आली होती. अलीकडच्या पायऱ्या त्यानं जन्मात कधी हिशेबात धरल्याच नव्हत्या.

"गमछा बांध टोकाला," कुणीतरी म्हणालं.

"माळ बोललाय, गमछा नाही," छत्रीखालून लल्लन गुरू म्हणाले. भाविकांना टिळा लावता लावता घाटाच्या रीतीभाती सांभाळणं हे त्यांचं काम. "आणि पायरी सोडायची नाही, खेलावन. ध्यानात आहे ना?"

"गुरू, पाणी लागलं की पायऱ्या संपतात काय? खाली नऊ आहेत. माझ्या पायांना विचारा."

गुरूंनी छत्रीबाहेर वाकून पाण्याकडं पाहिलं. "उतर," ते म्हणाले.

खेलावननं टोक मनगटाला गुंडाळलं. फुलवानं त्याचं बोट धरलं. उरलेल्या कोरड्या पायऱ्या दोघं मिळून उतरली, आणि घाईघाईत खेलावननं धाडकन पाण्यात पाय टाकला.

"नाना! आधी हात!" फुलवा किंचाळली.

सगळा घाट पोट धरधरून हसला. ज्यांनी खेलावनच्या शिव्या खाल्ल्या होत्या ते तर जास्तच. खेलावन कानापर्यंत लाल झाला. मुकाट्यानं वाकला, बोटं बुडवून कपाळाला लावली. "चुकलं, माई," म्हणाला. मग नातीला खांद्यावर बसवून तो खाली उतरू लागला. दुलारीही साडीसकट मागे उतरली, दोन्ही हात पुढे धरून.

गुडघे. कंबर. "सहा हात!" बसंतू ओरडत होता. "चार!" दगडांवर शेवाळ होतं, खेलावन अंगठ्यानं चाचपत पुढे सरकत होता. मनात एकच होतं: तुटू नको, एवढी पोर चालली, आता तू तुटू नको. "दोन!" पाणी छातीच्या वर आलं. फुलवाचे पाय बुडाले.

"गार!" ती म्हणाली आणि पाय वर ओढून घेतले.

"बस गं, बस! पडशील!" त्याचे दोन्ही हात माळेत गुंतले होते. तिला धरायला हातच नव्हता.

पण फुलवा बसली नाही. तिनं त्याचे केस मुठीत धरले, एक पाऊल त्याच्या खांद्यावर रोवलं, मग दुसरं. खेलावन आणखी एक पायरी उतरला. पाणी गळ्याला लागलं.

पलीकडून आरोळी उठली. "गंगामैया की जय!" रेतीवर बसंतू दोन्ही हात उंचावून नाचत होता. घाटावर शंख वाजला, घंटा वाजल्या, म्हैसूरची ती बाई टाळ्या वाजवता वाजवता रडायला लागली. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत माळ अखंड पडली होती.

"अहो, टेकली!" दुलारी मागून ओरडली. "टेकली माळ! आता का गप्प? ओरडा की!"

खेलावन हलला नाही. त्याला फक्त खांद्यांवरचे दोन तळवे कळत होते. डावा जेवढा घट्ट, उजवाही तेवढाच घट्ट.

"हळू बोल," तो म्हणाला. "ती उभी आहे."