उतरायला लागणारी मिनिटं

घारोबा हे नाव त्याला खालच्या गवंड्यांनी ठेवलं होतं. एकवीस वर्षं तो क्रेनच्या टोकावरच्या काचेच्या खोक्यात बसत आला होता, आणि खालून कुणी मान वर करून पाहिलं की त्याला एकच विचार यायचा : आता माझी काय चूक सापडली?

त्यामुळे हवामान कार्यालयातली बाई वही घेऊन साइटवर आली, तेव्हा तो सावध झाला.

"वाऱ्याचा इशारा सगळ्यांना एकसारखा देऊन उपयोग नाही, काका," ती म्हणाली. "तुमच्या कामाला कसा हवा ते तुम्हीच सांगा. क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरेल असा मोकळा सोडून खाली यायला किती वेळ लागतो?"

आजवर त्याला हुकूम मिळाले होते, मेमो मिळाले होते. काय हवं, असं कुणी विचारलं नव्हतं. गोड बोलणारा माणूस दुसऱ्या हातात काय धरून असतो, ते आधी बघावं, असा त्याचा नियम होता. शिवाय बाईच्या मागे मुकादम उभा होता, दात कोरत.

खरं उत्तर पस्तीस मिनिटं होतं. उजवा गुडघा दोन वर्षांपासून नीट वाकत नव्हता. शिडीच्या प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागायचं. म्हणून तो सगळ्यांच्या आधी चढायचा आणि सगळे गेल्यावर उतरायचा.

"दहा," तो म्हणाला.

"अजून पोरगाच आहे आमचा घारोबा!" मुकादम हसला. त्या हसण्यात नेमकं काय होतं, हे तो दिवसभर चघळत राहिला.

घरी बायको म्हणाली, "दहा? आपला जिना चढायला तुम्हाला दहा लागतात."

"खरं सांगितलं असतं तर उद्या वर दुसराच कुणी बसला असता."

"आणि वारा? तो काय मुकादमाला विचारून येणार आहे?"

महिन्याभराने एका दुपारी फोन वाजला. वीस मिनिटांत जोराचा वारा, आता उतरा. दहा मिनिटं त्याची आणि दहा हाताशी ठेवलेली. इशारा अगदी मापाने शिवलेला होता. माप मात्र त्याने दुसऱ्याच कुणाचं दिलं होतं.

अर्ध्या उंचीवर वाऱ्याने त्याला गाठलं. कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवून तो शिडीला मिठी मारून उभा राहिला. वर क्रेनचा हात आपोआप फिरत होता, काही हरवल्यासारखा. एवढ्या भीतीतही तो खाली पाहत होता : मुकादमाने पाहिलं का?

दोन दिवसांनी बाई परत आली. या वेळी एकटी.

"इशारा वेळेवर मिळाला का, काका?"

त्याने तिच्या मागे पाहिलं. मग पत्र्याच्या शेडमागे जाऊन पाहून आला.

"या वहीतलं कोण वाचतं?"

"मी."

"आणि तुमच्यानंतर?"

"खरं सांगू? मला माहीत नाही."

कुणीच नाही, असं ती म्हणाली असती तर तो गप्प बसला असता.

"पस्तीस लिहा," तो म्हणाला. "नाव लिहू नका."

"काका, इथे क्रेन एकच आहे."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. एकवीस वर्षं लपायला त्याने गावातली सगळ्यात उंच जागा निवडली होती.

"लिहा," तो म्हणाला.

तिने लिहिलं. त्याने वही हातात घेतली, पस्तीसमधल्या तीनच्या जागी दोन तर नाही ना, हे पुन्हा एकदा पाहिलं, आणि मगच परत दिली.