पहिल्या गड्याची जागा

आधी काटेवाल्या काकांचं सांगतो, मंग बाकीचं. जालन्याच्या एका जिनात कापूस तोलायच्या काट्यावर ते बसत. सगळे त्यांना काटेवाला म्हणत, मी काका म्हणायचो. त्यांनी मला काय दिलं ते ऐकून कोणी म्हणंल, ह्यात काय एवढं? त्यांनी मला त्यांची जागा दिली. हुतूतूच्या पार्टीतली जागा, आन ती पार्टीही कधीच मोडलेली. पण त्या गावात मला दुसरी जागाच नव्हती. काकांनी काय दिलं ते कळायला एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

माझं गाव मंठ्याच्या पल्याड, पूर्णा नदीच्या अंगाला. आमची मेंढरं होती. मराठी चौथीपर्यंत शिकलो. पुढची शाळा त्या वेळच्या सरकारी रितीनं उर्दूत आन तीही लांब, म्हणून माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. मंग मेंढरांत रोग शिरला आन मेंढवाडा रिकामा झाला. बाप म्हणाला, "जिथं भाकर मिळंल तिथं ऱ्हा." कापसाच्या एका गाडीत मागं बसून मी जालन्याला आलो आन जिनात लागलो.

दिवाळीपासून होळीपर्यंत जिन धडधडत असे. कापूस, सरकी, रुई, भोंगा, माणसंच माणसं. तेव्हा एकटं वाटायला सवड नसायची. होळी झाली की जो तो आपल्या गावाला. मी गेलो न्हाई. गेलो असतो तर घरी आणखी एक ताट वाढलं असतं, एवढंच. जिनाच्या सेठनं मला पहाऱ्याला ठेवून घेतलं. त्याचे उपकारच म्हणायचे. पण मला सारखी धास्ती. आज ना उद्या सेठ म्हणंल, ह्या पोराचं काय काम इथं? म्हणून मी दिवसातून कितीदा तरी कुलपं ओढून पाहायचो. रिकाम्या जिनात स्वतःच्याच वहाणांचा आवाज मागं मागं यायचा. छताला लोंबणाऱ्या जाळ्यांत रुईचे पुंजके अडकलेले असत, वारा आला की हलत. त्यांच्याशीही मी बोललेलो आहे.

काका काट्याच्या खोलीतच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकरूबाळ न्हाई. पहिल्या उन्हाळ्यात ते एका सांजेला माझ्यापुढं थाळी सरकवून म्हणाले, "एकट्याच्या चुलीला दोघांच्या भाकरी सोप्या जातात. बस." तेव्हापासून मी त्यांच्या चुलीवर जेवू लागलो. बोलणं फार नसे. पण समोर माणूस जेवतोय, हे बरं वाटायचं.

जिनाच्या फाटकाबाहेर लिंबाचं झाड होतं. बंद हंगामात रोज सांजेला तिथं बैठक जमायची. ठरलेले तिघं: एक टांगेवाला, एक न्हावी, आन आमच्या जिनाचा बायलरवाला, त्याला सगळे मियाँ म्हणत. बाकीचे येऊन जाऊन. आन बोलणं एकच. जिनाची पार्टी.

ही पार्टी एकेकाळी दसऱ्याला औरंगाबादेला सामने खेळायला जायची. तिकडं आठ पार्ट्यांचे सामने होत. मी आलो तोवर ती मोडून बरीच वर्षं झालेली. पण ह्या तिघांच्या तोंडी ती कालच खेळून आल्यासारखी. कोणी कोणाची तंगडी कशी धरली, कोणाचा दम कुठं तुटला, पंचानं कसा घात केला. मी फाटकाच्या आत बसून ऐकायचो. एकदा न राहवून बोललो, "मंग तो गडी रेघेपर्यंत पोचला का न्हाई?"

टांगेवाल्यानं मान वळवली. "तू पाह्यला का तो सामना?"

"न्हाई."

"मंग फाटक सांभाळ."

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्या हसण्यानं मी आणखी आत सरकलो. जे त्यांनी पाह्यलं होतं ते मी पाह्यलेलं नव्हतं, आन आता तर ते पाहायला मिळणारही नव्हतं. मेलेल्या पार्टीचा सामना कुठून पाहणार?

दुसऱ्या साली पोळ्याच्या सुमाराला टांगेवाला स्टेशनावरून घोडं पळवतच आला. "ऐकलं का? औरंगाबादवाले पार्ट्या वाढवून राह्यले! आपल्या भागातून एक घेणार!"

"एकच?" न्हावी म्हणाला.

"एकच. आन अंबडवाल्यांनीबी मागितलंय."

"अंबडवाले?" न्हाव्यानं हातातला वस्तरा मिटवला. त्याच्या पुढ्यात बसलेल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच. "त्यांना पळता येतं का? त्यांना धरायला तरी येतं का?"

"धरायला येत न्हाई म्हणून तर मिळून खेळू म्हणतात. जालना-अंबड एक पार्टी."

मियाँ उठूनच उभा राहिला. "नक्को! बिलकुल नक्को! दूधबी त्यांचं न्हाई, च्याबी त्यांची न्हाई, निस्ता कप धरायला येणार?"

मंग रोज हाच वाद. टांगेवाल्याचं म्हणणं, नवी पोरं घ्यायची आन जुनं नाव द्यायचं. मियाँ म्हणायचा, सगळी पोरं नवी तर ती आपली पार्टी कशी? ती तर दुसरीच पार्टी, आपले कपडे घातलेली. टांगेवाला म्हणायचा, "मंग तूच उतर मैदानात. पोट आधी रेघेपार जाईल, तू मागून ये." मियाँ दोन दिवस आला न्हाई. तिसऱ्या दिवशी आला तो ह्या वादाला नवं उत्तर घेऊनच.

शेवटी तोड काढली न्हाव्यानं. हुतूतूत मेलेला गडी रेघेबाहेर जाऊन बसतो. समोरच्यांचा एक मारला की आपला एक उठतो. पण मनाला येईल तो न्हाई. जो आधी मेला तो आधी उठतो. न्हावी म्हणाला, "पार्टी मेली ना? मंग तिला खेळाच्याच रितीनं उठवायची. जो आधी गेला तो आधी येणार, त्याच्यामागं दुसरा. ज्याला खेळवत न्हाई त्यानं आपली जागा पोराला द्यावी, पुतण्याला द्यावी. जागा जुन्या, गडी नवे. मंग कोण म्हणंल ही आपली पार्टी न्हाई म्हणून?"

सगळ्यांना हे पटलं. मियाँ तर खूश, त्याचा पुतण्या दांडगा होता. मंग एकदम सगळे फाटकातून आत काट्याच्या खोलीकडं पाहू लागले.

कारण पार्टीतून पहिले बाहेर पडले होते ते काका. त्या साली कापूस दसऱ्याच्या आधीच आला, सेठनं जिन लवकर चालू केलं, आन काका काटा सोडून सामन्याला जाऊ शकले न्हाईत. त्यांचं पाहून दुसरा राहिला, मंग तिसरा. पुढच्या साली कोणीच गेलं न्हाई. पार्टी अशी मोडली. ह्याबद्दल लिंबाखाली कोणी त्यांना शिव्या देत नसे, पण "पहिला तोच गळाला" एवढं वाक्य दर दोन दिवसांनी निघायचं, आन खोलीचं दार उघडंच असायचं. काका कधी त्या बैठकीला आले न्हाईत. चुलीजवळ बसून ऐकत असत, मी पाह्यलंय.

मला वाटलं, आता हे जाऊन काहीतरी लागेलसं बोलणार. काका रागावले, उठून कुठं निघून गेले, तर त्या एवढ्या मोठ्या जिनात मी आन ते रुईचे पुंजके. मी फाटक उघडलं.

तिघं खोलीच्या दारात उभे राहिले. न्हाव्यानं रीत सांगितली. काका ज्वारीचं पीठ मळत होते, थांबले न्हाईत.

"गुडघा पाह्यला का माझा?" ते म्हणाले.

"मंग जागा दे कोणाला तरी," टांगेवाला म्हणाला.

"मला कोण हाय द्यायला?"

टांगेवालाच हळू आवाजात म्हणाला, "तुझी सोडून देऊ. दुसऱ्यापासून धरू."

"तुमचीच रीत ना?" काका म्हणाले. "पहिला उठल्याबिगर दुसरा उठतो का?"

न्हावी डोकं खाजवू लागला. स्वतःच्याच रितीत तो अडकला होता. काकांनी पिठाचे हात झटकले आन माझ्याकडं बोट केलं. "माझी जागा ह्याला."

"ह्याला?" मियाँ म्हणाला. "ये तो मंठे का है! हा आपल्या गावचा कुठं?"

"माझ्या चुलीवर जेवतो."

"त्यानं एक सामना पाह्यला न्हाई, काटेवाला."

"मंग आता आतून पाहंल."

मी म्हणालो, "काका, मला न्हाई जमायचं." ते म्हणाले, "मेंढरामागं पूर्णेच्या दरडीनं वरखाली पळणाऱ्याचा दम मला काट्यावर बसून कळतो." आन भाकर थापू लागले. बोलणं संपलं.

अंबडवाल्यांशी सामना कुंडलिकेच्या वाळूत ठरला. जो जिंकंल त्याला औरंगाबादेत जागा. पाहायला औरंगाबादहून दोघं जण येणार होते. पण जिनाचं फाटक उघडं टाकता येत नव्हतं. काका आन मी, दोघांतला एकच जाऊ शकत होता. मी म्हणालो, "काका, तुम्ही चला, मी ऱ्हातो." खरं तर मला तेच बरं वाटलं असतं. ते माझ्या हातातली किल्ली काढून घेत म्हणाले, "मी एकदा काट्यापायी ऱ्हायलो, आता फाटकापायी ऱ्हातो. जल्दी जा."

नदीवर हे एवढं माणूस लोटलेलं. माझी पहिलीच चढाई. दम भरला, गेलो, आन अंबडच्या एका काळ्या दांडग्यानं माझी मांडी अशी धरली की मी तोंडावर पडलो. वाळू तोंडात गेली, दम तुटला. आमच्यातला पहिला मेलेला मीच.

रेघेबाहेर जाऊन बसलो. मी तिथं एकटाच. पाठीमागं एवढी गर्दी, पण कोणी माझ्याकडं पाहत नव्हतं. मनात आलं, काकांची जागा आपण घेतली आन पहिल्याच दमाला घालवली. आता लिंबाखाली जन्मभर हेच निघणार, माझंही आन काकांचंही. उठून तसंच स्टेशनाकडं निघून जावं, असं वाटलं. मंठ्याची वाट तिकडून नव्हती, तरी.

तेवढ्यात मियाँचा पुतण्या समोरच्या एकाला हात लावून आला. मला काही कळायच्या आत सगळी माणसं ओरडली, "ऊठ! ऊठ!" मी पाठीमागं पाह्यलं, कोणाला म्हणतात म्हणून. टांगेवाला हातातला चाबूक हलवत बोंबलत होता, "ए मंठेवाल्या! तुलाच! ये आत!"

त्या गावात मला 'ये आत' म्हणणारं त्या दिवशीपर्यंत एकच माणूस होतं, आन ते तेव्हा फाटकावर होतं.

मी उठलो. पुढं दोन गडी मारलेही. पण सामना आम्ही हरलो. औरंगाबादची जागा अंबडला गेली. टांगेवाल्याचं मत, पंच अंबडच्या जावयाच्या गावचा होता.

सांज पडायच्या आत परत आलो. काका फाटकाच्या आत उभे होते, जिथं बसून मी ऐकायचो तिथंच. हरल्याचं त्यांना कळलेलं दिसलं. त्यांनी एवढंच विचारलं, "उठवलं का तुला?"

"हौ काका."

"इथपर्यंत आवाज आला," ते म्हणाले. "म्हणलं, तुलाच असंल." मंग किल्ली माझ्या हातात दिली आन लंगडत चुलीकडं गेले.

त्यानंतर लिंबाखालच्या बैठकीत मला जागा झाली. आता पुढल्या साली आणखी पार्ट्या वाढवणार, असं कोणी ना कोणी स्टेशनावरून ऐकून येतंच. वाद होतो. परवा नव्यानं लागलेला एक हमाल मधीच बोलला, तर टांगेवाला त्याला म्हणाला, "तू पाह्यला का तो सामना?" आन साक्षीला माझ्याकडं पाह्यलं. मी मान हलवली, आन लगेच त्या हमालाला सरकून बसायला जागा केली.

पण बोलता बोलता माझं लक्ष खोलीच्या उघड्या दाराकडं जातं. काका अजून आतच बसतात. "या ना काका," म्हणलं तर म्हणतात, "माझी जागा तुला दिली, आता मी कुठं बसू?" हसत म्हणतात. पण येत न्हाईत. त्यांची जागा घेऊन मी त्यांनाच बाहेर काढून बसलो की काय, असं मला काळजीनं वाटत ऱ्हातं. त्यांचा गुडघा दर हंगामाला आणखी धरत चाललाय.

काका, तुमची जागा माझ्यापाशी आहे, मी ती जपून ठेवलीय. एखाद्या साली पार्टी औरंगाबादेला जाईल, तेव्हा फाटकावर मी राहीन. तुम्हाला टांग्यात घालून स्टेशनावर नेईन, गाडीत बसवून देईन. आन तिथं रेघेशेजारी बसवून सगळ्यांनी तुम्हाला एकदा 'ये आत' म्हणावं, अशी तजवीज मी करीन. केव्हा ते आज सांगता येत न्हाई, पण करीन.