सिद्धरामचा आवाज

सिद्धराम आणि जग यांच्या मधे लग्नापासून महानंदा उभी होती, आणि तिला ती जागा फार आवडायची. सिद्धराम जन्मापासून बहिरा. एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर त्याचं कधी काही अडलं नाही. तिथल्या खडखडाटात ऐकू येणारेही हातानंच बोलतात. अडायचं ते बाहेर. बँक, दवाखाना, पाहुणेरावळे, कुठेही त्याचे हात हलायचे आणि महानंदा बोलायची. कुणी त्याला परस्पर खुणा करायला लागलं की, "मला इचारा की," म्हणून मधे घुसायची. आम्ही शेजारणी हसायचो.

मग पुण्याच्या एका कंपनीची सृष्टी नावाची मुलगी फोन घेऊन आली. खुणा बघून मराठीत बोलणारं आणि समोरच्याचं बोलणं पडद्यावर लिहून दाखवणारं अ‍ॅप त्यांना बाजारात आणायचं होतं, त्याआधी ते रोजच्या वापरात कसं चालतंय ते बघायचं होतं. सिद्धरामनं फोनसमोर हात हलवले. आतून एक तरुण, गोड बाई म्हणाली, "मला कडक चहा हवा."

महानंदाचं तोंड एवढंसं झालं.

सिद्धराम मात्र सुटलाच. मंडईत फोन पाटीला टेकवून भाजीवालीशी गप्पा हाणू लागला. हसत घरी यायचा आणि का हसतोय ते महानंदाला ठाऊक नसायचं. ती नुसती जळायची.

"ही सटवी लागती व्हय ह्यास्नी बोलायला?" ती मला म्हणाली. "आन् आवाज बघ की कसा काढती!"

"अगं, यंत्र आहे ते."

"आसंल. नवरा माझा हाय की!"

तिनं सृष्टीकडे इतकी भुणभुण लावली की ती पुरुषांचे आवाज घेऊन पुन्हा आली. मीही तिथंच बसले होते.

"काकू, काकांना ऐकू येत नाही, तर तुम्हीच निवडा," सृष्टी म्हणाली. "पुढच्या महिन्यात अ‍ॅप बाजारात येतंय. मग सगळीकडे काका याच आवाजात बोलतील."

पहिला बातम्या दिल्यासारखा. दुसरा मंगल कार्यालयातल्या माइकवरचा. तिसरा मात्र खालच्या पट्टीतला, शांत, जरा थांबून बोलणारा. महानंदाचे डोळे भरून आले.

"ह्योच," ती माझ्या कानात पुटपुटली. "हे हातानं बोलत्यात तवा लग्नापासनं मला ह्योच ऐकू येतोय."

सिद्धरामनं उत्सुकतेनं खुणेनं विचारलं, माझ्यासारखा आहे का?

महानंदा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं जोरात मान हलवली. छे, तुम्हाला शोभत नाही, तिच्या हातांनी सांगितलं. मी तिला कोपरानं ढोसलं.

"भाजीवालीला ऐकवू व्हय त्यो?" ती फणकारली.

चौथा आवाज नाकातला, सर्दी झाल्यासारखा. महानंदानं ताबडतोब दोन्ही हातांनी सांगितलं, हाच. अगदी तुमचाच.

सिद्धरामचा चेहरा खुलला. घरच्यांची नावं सृष्टीनं फोनमध्ये आधीच भरली होती. त्यानं फोन समोर उभा केला, बायकोकडे बघत हात हलवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा महानंदाला नवऱ्याची हाक ऐकू आली. सर्दी झालेल्या, नाकातल्या आवाजात, "महानंदा!"

तिनं ओ दिली आणि तिला रडू कोसळलं. आनंदानं रडतेय असं वाटून त्यानं पुन्हा हाक मारली.