हवेत न झाडलेली गोळी

इब्राहिमचाचांचा फोन आला तेव्हा मी पेणला वडिलांच्या प्रेसमध्ये पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. “दत्तू गेला, गो,” एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडे त्यांच्या बेकरीत कुणी गिऱ्हाईक विचारत होतं, “पाव हायेत काय, चाचा?” आणि त्याला कुणीच उत्तर देत नव्हतं… मी हातातली सुतळी तशीच टाकली आणि रोह्याची गाडी पकडली. कासू स्टेशन मागे पडेपर्यंत मला रडू आलं नाही. मग आलं ते थांबेना.

दत्ताराम काका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि रोह्याच्या एका कंपनीत गेटवर लागला. काकू लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात, चाचांच्या बेकरीमागच्या खोलीत तो भाड्याने राहायचा. चाचांचे दोन्ही मुलगे दुबईला, त्यामुळे घरात कर्ती माणसं म्हणजे हे दोन म्हातारेच. सकाळचा पहिला चहा एकत्र आणि त्या चहावरून पहिलं भांडणही एकत्र. काका म्हणायचा साखर जास्त झाली, चाचा म्हणायचे मिलिटरीवाल्यांची जीभ कडूच असते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडिलांच्या प्रेसमध्ये मोर्च्यांची, धरण्यांची, जमीन बचावाची पत्रकं छापली जायची आणि मी त्यांच्यावरच अक्षरं गिरवली. ‘दडपशाही’ हा शब्द मला ‘दप्तर’च्या आधी लिहिता यायला लागला असावा. देशात कुठेही माणसं रस्त्यावर उतरली आणि सरकारने लष्कर उतरवलं की माझं पत्रक तयार. ते मी काकाला वाचायला द्यायचे, मुद्दाम. तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचा. एकदा म्हणाला, “पोरी, यवढी उद्गारचिन्हं? आमचा सुभेदार आईबहिणीवरून ओरडायचा तेव्हा पण यवढी नसायची.” मी चिडून विचारलं, “पण मुद्दा पटला का?” तो म्हणाला, “च्या पी.” सैन्याबद्दल तो कधीच बोलत नसे. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावणं यायचं, तेव्हा त्याला नेमका ताप भरायचा.

मग दोन वर्षांपूर्वी अष्टमीत मिरवणुकीवरून भांडण झालं. कुणी कुणाला आधी धक्का दिला, हे अजूनही दोन्हीकडचे वेगवेगळं सांगतात. थोडी दगडफेक झाली, दुकानं बंद पडली आणि मोबाइलवर भलतेसलते व्हिडिओ फिरायला लागले. पोलीस आले, पण कुणालाच पुरेसे वाटेनात. बाजारातली दोन्ही धर्मांची जुनी माणसं बेकरीत जमली आणि ठरलं की मिलिटरी पाठवा असं निवेदन द्यायचं. लिहून द्यायला मला बोलावलं होतं, पत्रकं लिहिते म्हणून.

मी नाही म्हटलं. लष्कर शत्रूसाठी असतं, नागरिकांसाठी नसतं, असं बरंच काही बोलले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “आणि दगड आला तर तुझं पत्रक आडवं धरू काय, गो? माझी पोरं तिकडं दुबईत. मिलिटरी आली तर मी झोपेन तरी.”

ज्या माणसाने मला लहानपणी भट्टीतली पहिली गरम खारी दिली, तो घाबरलेला होता आणि माझं तत्त्व त्याच्या कामाचं नव्हतं.

तेव्हा काका दारातून बोलला. “मिलिटरी नको मागवू, इब्राहिम.”

“तू सांगतोस? तू?”

“म्हणूनच सांगतो.” तो आत येऊन पिठाच्या पोत्यावर बसला. “पोलीस आधी हवेत झाडतो. आम्हाला हवेत झाडायला बंदी. झाडायची तर लागायला झाडायची. कमरेखाली, आणि जो पुढे असेल त्याला. असाच दंगा होता, लांबच्या शहरात. कचेरीचा लेखी हुकूम होता, भोंग्यावरून सांगून झालं होतं, सगळं कायद्यानं. मला हुकूम झाला, पुढचा, पांढरा शर्ट. मी नेम धरला तेवढ्यात गर्दी पळाली. पांढरा शर्ट पळाला नाय. मला वाटलं, हाच म्होरक्या…”

त्याने पोत्यावरचं पीठ तळहाताने पुसलं.

“पाठ होती त्याची आमच्याकडं. पडल्यावर बघितलं, हातात दगड नव्हता. कुलूप होतं. दुकानाचं शटर ओढायला आला होता.”

चाचांनी हळूच विचारलं, “जगला काय?”

“म्हाईत नाय. सकाळी आमच्या गाड्या हलल्या. लोकांनी हार घातले आम्हाला.” मग चाचांकडे वळून म्हणाला, “पोलिसाला उद्या त्याच गल्लीत च्या प्यायला यायचं असतं, इब्राहिम. त्याला लाज वाटायला जागा असते. आम्ही परक्या मुलखातले. आम्हाला ना त्याचं नाव म्हाईत, ना त्याच्या बायकोचं तोंड बघायचं.”

“मग मी काय करू? दुकान माझं हाय.”

“मी बसतो भायेर.”

“तू एकटा? म्हातारा?”

“तुझ्या च्यासाठी रोज पहाटे उठतो ना, तसा आता भायेर जागा राहीन.”

आणि तो बसला. अंगात साधा बनियन, लुंगी, हातात काठीसुद्धा नाही. बेकरीच्या पायरीवर. दुसऱ्या दिवशी मासळीवाली रखमाबाई टोपली घेऊन शेजारी बसली, म्हणाली, “धंदा तसापण नाय, इथं वारा तरी हाय.” मग आणखी चारदोन माणसं आली. पोरांची टोळकी मोटारसायकली घेऊन यायची, तर काका त्यांना बापाच्या नावाने हाक मारायचा. “काय रे, गणपतचा ना तू? बापाची गुडघेदुखी कशी हाय?” बापाचं नाव ऐकलं की गाडीचा वेग उतरायचा.

तरी एका संध्याकाळी दगड आलाच. काकाच्या मांडीवर बसला, हाड तडकलं. मी धावत गेले तर हसत म्हणतो, “कमरेखालीच लागला. नेम बरा हाय पोराचा.” ते हसणं मला अजून सहन होत नाही. दगड मारणाऱ्याला त्याने ओळखलं होतं. मी तक्रार द्यायला सांगितलं, हट्ट धरला, कायदा सांगितला. तो म्हणाला, “तो रोज याच रस्त्यानं कंपनीत जातो. मला रोज बघू दे त्याला.” मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण त्यानंतर दगड आला नाही, आणि ते निवेदनही गेलं नाही.

मी पुढेही लिहीत राहीन की जे सरकार आपल्याच बाजारात लष्कर उभं करतं, ते आपलं काम आधीच सोडून बसलेलं असतं. फक्त आता ते लिहिताना मला बंदुकीमागचा माणूसही दिसतो. हुकूम देणारे विसरून जातात. घरी परतल्यावर पंधरा ऑगस्टला ताप भरतो तो बंदूक धरणाऱ्याला.

त्या दिवसांनंतर काका रोज संध्याकाळी लंगडत पुढे यायचा आणि बेकरीचं शटर स्वतः ओढायचा. चाचांना हात लावू द्यायचा नाही. “तू आत बस,” म्हणायचा. सगळ्यांना वाटायचं, दोस्ती आहे. चाचांनी कधी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

परवा मी काकाची खोली आवरायला गेले होते. दिवेलागणीला चाचा गल्ला बंद करून उठले, शटरपाशी गेले, हात वर केला आणि तसेच उभे राहिले.

“तू ओढ, गो,” म्हणाले. “मला जमत नाय.”

“जड आहे का?”

“जड नाय…”

ते रस्त्याकडे बघत होते. कंपनीची शिफ्ट सुटलेली, माणसं सायकलींवरून, मोटारसायकलींवरून चाललेली. त्यातला कुणी तो दगड मारणारा असेलही. मी शटर खाली ओढलं. मग कुलूप लावायला रस्त्याकडे पाठ केली आणि वाकले.