होळीला बंद, पोळ्याला सुरू

माझा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्याशी कोणी नीट वागलं तर मी त्याच्यासाठी जीव टाकीन. पण माझ्या बापाच्या वस्तूला कोणी हात लावला तर ते मी मरेपर्यंत विसरत नाही. जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरीणबाईनं तो लावला होता.

बाबा वर्ध्याला सिव्हिल लाइनमधल्या एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या गोऱ्या मडमेला सायक्लेमेनचं भारी वेड. हे थंड मुलखातलं फूल. दांडी वाकलेली, तोंड जमिनीकडे आणि पाकळ्या मात्र उलट्या, वर गेलेल्या. ससा कान मागे टाकून पळतो ना, तसं दिसतं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात हे जगेल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं. मडमेनं तीन जातींचे कंद मागवले आणि बाबांच्या हवाली केले.

एक जात बारीक होती, गोल पानांची. ती दोन पानं काढून पहिल्याच वर्षी गेली. बाबा म्हणायचे, तिला आपली हवा बाधली. दुसरी मोठ्या फुलांची, हिच्या पानांवर चांदीसारखी नक्षी. हिचा कंद अर्धा मातीच्या वर उघडा ठेवायचा, नाहीतर सडतो. तिसरी सगळ्यात चक्रम. हिला मुळ्या खालून फुटत नाहीत, कंदाच्या डोक्यावरून फुटतात, आणि पानांच्या आधी फूल येतं. बाबांनी तो कंद सुरणासारखा समजून पहिल्या वर्षी उलटा लावला होता. मडमेनं कपाळाला हात लावला म्हणे.

साहेब मुलूख सोडून गेला तेव्हा मडमेनं सगळे कंद बाबांना देऊन टाकले. पुढं माझं लग्न झालं, सिंदीला. माझा नवरा रेल्वेत सांधेवाला, गाडीसाठी रूळ बदलणारा. बाबांनी सासरी पाठवणीच्या वेळी मला सात कंद दिले, कोरड्या वाळूच्या गाडग्यात घालून. म्हणाले, "पोरी, याले उन्हाळ्यात झोपू देजो. होळी आली का पानी बंद. पोळा आला का पानी सुरू. मधात तो मेल्यासारखा दिसते, पन मेला नसते. रडजो नको न पानी बी टाकजो नको."

त्याच वर्षी बाबा गेले. माझ्याकडे त्यांचं एवढंच राहिलं.

रेल्वे क्वार्टरच्या पडवीत मी ते कंद लावले. उन्हाळ्यात ज्वारीच्या कणगीमागे गार अंधारात गाडगं ठेवायचं, आणि पोळा झाला की कुंडीत. दिवाळीपासून फुलं सुरू. गाडीतली माणसं खिडकीतून माना काढून बघायची. नवरा म्हणायचा, "लोकं सिग्नल सोडून तुह्या कुंड्याच पाहून राह्यले."

मॅनेजरीणबाईनंही पाहिल्या. बाई पुण्याकडची, शिकलेली, बोलणं असं की साखर पेरावी. स्वतः चालत क्वार्टरवर आली. "अगं, वर्ध्याला फुलांचं प्रदर्शन आहे. या कुंड्या तिथे जायलाच हव्यात. तू कशा नेणार? मी मोटारीनं पाठवते. चिठ्ठीवर नाव तुझंच घालू हो."

मला वाटलं, बाबांच्या हातचं चार लोक बघतील. मी सातही कुंड्या दिल्या. मूर्ख ती मूर्ख!

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं आम्ही दोघं वर्ध्याला गेलो. मांडवात माझ्या कुंड्या अगदी समोर, पांढऱ्या चादरीवर, आणि शेजारी पहिल्या नंबरचा कप. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वाचता येत होतं. चिठ्ठीवर नाव तिचं होतं. बाई शेजारीच उभी राहून कोणाला तरी सांगत होती, "तीन वर्षं जीव लावलाय हो या रोपांना." माझ्याकडे नजर गेली तरी तिचा आवाज जरा म्हणून चळला नाही.

कुंड्या परत आल्या त्या थेट तिच्या बंगल्यावर. मी मागायला गेले तर म्हणाली, "राहू दे इथेच. तुमच्या क्वार्टरात केवढं ऊन! तू रोज येऊन पाणी घालत जा, म्हणजे तुलाही बघायला मिळतील." नवऱ्याला मी सांगितलं, तर तो कंदील उचलून ड्युटीवर निघून गेला. स्टेशनात फॅक्टरीच्या मालाची साइडिंग, मॅनेजरची स्टेशनमास्तरांशी ऊठबस. सांधेवाल्यानं कोणाच्या तोंडी लागायचं?

मी रोज गेले. माझ्या बापाचे कंद तहानेनं मरू नयेत म्हणून गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं मलाही बोलावलं आणि गावातल्या बायकांना म्हणाली, "ही आमच्याकडे झाडांना पाणी घालते. माळ्याचीच पोर आहे, हात बरा आहे तिचा." बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या हातात वाण होतं, फणी आणि आरसा. तो आरसा तिच्या कपाळात घालावा असं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! तिथंच मी ठरवलं की हिला सोडायची नाही.

होळी झाली आणि पानं पिवळी पडायला लागली. बाई घाबरी झाली. दुपारी चार बायका पत्ते खेळायला जमल्या होत्या, त्यांच्यादेखत तिनं मला हाक मारून विचारलं, "अगं, हे असं काय होतंय? काय करू?"

मी क्षणभर विचार केला. खोटं सांगितलं असतं तर उद्या बोट माझ्याकडे वळलं असतं. मग मी खरंच सांगितलं. अगदी सगळं, बाबांनी सांगितलं तसं. "बाई, आता पानी बंद करा. थेंबभर बी टाकू नका. सावलीत ठेवून द्या, मेल्यासारखे दिसतीन. पोळा आला का पानी सुरू करा, पुन्हा फुटते." पण सांगताना मी हसले. मुद्दाम हसले. आणि हळदीकुंकवाच्या दिवसापासून मनात जे साचलं होतं ते सगळं डोळ्यांत येऊ दिलं.

बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं तोंड आवळलं. "वा गं वा! विदर्भाचा उन्हाळा, आणि पाणी बंद? मारायचीत का माझी झाडं? उद्यापासून तू येऊ नकोस. मी बघेन काय ते."

मला हेच हवं होतं. आमच्याकडं चैत्र-वैशाखात पाणी घालणं म्हणजे पुण्य. माणसाला, गुराला, झाडाला, जो येईल त्याला पाणी. उन्हाळ्यात पाणी तोडा म्हणणारी मी तिला कैदाशीणच वाटणार. तिनं कुंड्या वाळ्याच्या ताटीमागं गारव्याला ठेवल्या आणि नोकराला दिवसातून दोनदा पाणी घालायला लावलं.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तिच्याकडच्या स्वयंपाकीणबाईनं मला बोलावलं. कुंड्यांना वास मारत होता, त्या रिकाम्या करायच्या होत्या. मी एक कंद हातात घेतला, अंगठा टेकवला आणि तो आत गेला. आत नुसता चिखल होता. सातही तसेच. रस्त्यानं मी रडत आले. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काऊन रडतं? तुलेच तर हे पाह्यजे होतं." पाहिजे होतं. पण बाबा त्यात होते, हे त्याला कसं सांगू!

आणि तरीही मी पुरती बुडाले नव्हते. पाणी घालायला जायचे तेव्हा मी बोंडं काढून आणली होती. त्या चक्रम जातीची फुलं गळली की दांडी स्प्रिंगसारखी गुंडाळत मातीकडे येते आणि बोंड जमिनीवर आणून ठेवते. मोठ्या फुलांच्या जातीची दांडी नुसतीच वाकते. दोन्हींची पिकत आलेली बोंडं मी पदराच्या गाठीत बांधून आणली. स्वतःच्याच वस्तूची चोरी! पोळ्यानंतर बी पेरलं. ज्वारीच्या दाण्याएवढे कंद धरले. त्यांना पहिला उन्हाळा झोपवायचं नसतं असं माझं मीच ठरवलं आणि माठाच्या घडवंचीखाली ओलसर वाळूत सांभाळले. निम्मे गेले. उरलेल्यांना फुलं यायला तिसरा हिवाळा उजाडला.

त्या वर्षी मी कुंड्या टोपलीत घालून, मांडीवर धरून, पॅसेंजरनं वर्ध्याला नेल्या. चिठ्ठी माझ्या हातानं लिहिली. वर माझं नाव, खाली बाबांचं. दुसरा नंबर आला. पहिला एका गुलाबाला. येऊ दे, गुलाबाशी माझं भांडण नव्हतं. मॅनेजरीणबाई माझ्या कुंड्यांसमोर उभी राहिली, चिठ्ठी वाचली आणि पुढं गेली.

फाल्गुनात मॅनेजरसाहेबांची बदली झाली. निघायच्या आधी बाई क्वार्टरवर आली. खुर्ची दिली तर बसली नाही. "एक कंद देशील? आठवण म्हणून. या वेळी तू सांगशील तसंच करीन."

होळी होऊन गेली होती. मी मोठ्या फुलांचा एक चांगला कंद काढला, कोरड्या वाळूत घातला आणि तिच्या हातात दिला.

"पानी टाकू नका," मी म्हटलं. "थेंबभर बी नाई. मेल्यासारखा दिसन, पन तुम्ही घाबरू नका."

"नाही घालणार," ती म्हणाली. तिनं गाडगं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

पोळ्याचं मी बोलले नाही. ते मी एकदा चार बायकांसमोर सांगितलं होतं. तिच्या ध्यानात राहिलं नसेल तर तो काही माझा दोष नव्हता.

दिवाळीनंतर तिचं कार्ड आलं. अक्षर सुबक. "तू सांगितल्याप्रमाणे थेंबभर पाणी घातलेलं नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, अजून कंद जागा होत नाही. तो कधी उठेल ते कळव, मी वाट पाहते आहे. मागे मी तुझं ऐकलं नाही. तुझ्या वडिलांची झाडं मी माझी म्हणून मिरवली. माझं चुकलं."

नवऱ्यानं कार्ड वाचलं. म्हणाला, "लिहून टाक ना एक ओळ. अजून जगन बी तो."

जगलाही असता. शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. त्याच्यासाठी मी चार वर्षं थांबले होते. मग कार्ड तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि माझ्या कुंड्यांना पाणी घालायला पडवीत गेले.